पाच खोल्यांचे कागद

बाई,

आज मी घर घेतलं. राहायला नाही, भाड्यानं द्यायला. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि त्यात एक नवराबायको आधीपासून भाड्यानं राहतात. माझ्या सुनेच्या वयाच्या एका वकीलबाईंनी महिनाभर त्याचे कागद पाहिले, नोंदणी कचेरीतल्या जुन्या नोंदी काढल्या, भाडेकरूंचा करार वाचला, आणि मग मला बोलावून म्हणाल्या, "काकू, आता बिनधास्त सही करा." सही करताना माझा हात इतका कापायला लागला की त्यांनी पेन काढून घेतलं आणि पाणी दिलं. त्यांना वाटलं, वयामुळं होतंय. मी त्यांना तसंच वाटू दिलं. घरी आले, चपला काढल्या आणि सरळ ही वही घेऊन बसले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं कधीच उलटून गेली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. पण आज हात का कापला, ते सांगावं असं तुमच्याशिवाय कुणी नाही.

तुम्ही मला चौथीत शिकवलंत. आमच्या घरात तेलुगू. अण्णा चादरीच्या मागावर, अम्मा सुताच्या कांड्या भरायची, आणि मला मराठी यायचं ते गल्लीत खेळण्यापुरतं. "तो खुर्ची" म्हटलं की तुम्ही खडू खाली ठेवायचात. "खुर्ची ती. ज्या खुर्चीवर बसतेस तिला निदान नीट हाक मार." सगळा वर्ग हसायचा, मला रडू यायचं, आणि मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यातली अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवायचात. मॅट्रिक झाले तेव्हा अण्णा म्हणत होते की आता हिला मागावर बसवू. तर तुम्ही एका दुपारी उन्हातान्हाच्या आमच्याकडं आलात, मागाच्या कडेला अंग चोरून बसलात, आणि त्या खडखडाटात ओरडून अम्माला सांगितलंत, "हिचे हात चपळ आहेत. हिला टायपिंग शिकवा. पहिल्या सहा महिन्यांची फी मी भरते." अम्माला निम्मं मराठी कळत नव्हतं. पण तिला एवढं कळलं की ही मास्तरीणबाई आपल्या पोरीसाठी घाम पुसत बसली आहे. त्या फीवर मी टायपिंग शिकले, आणि त्या टायपिंगवर कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या कचेरीत लागले. अण्णांचा माग पुढं बंद पडला तेव्हा माझ्या पगारावर घर चालत होतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते. पुढं जे झालं त्याचं ते निमित्त नाही, पण तेव्हा मला ते निमित्त वाटायचं.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. तुम्हाला निवृत्त व्हायला वर्ष राहिलं होतं. लग्न केलं नव्हतंत, मागं कुणी नव्हतं, बार्शीला एक पुतण्या तेवढा. राहायचात ती खोली भाड्याची. खाली नळ, वर तुमचं स्वयंपाकघर, म्हणजे खरं तर भिंतीला लावलेली एक फळी, एक स्टोव्ह आणि पाण्याचे तीन हंडे. घरमालकीण नळाची चावी कनवटीला लावून फिरायची. तुम्ही मला म्हणाला होतात, "म्हातारपणी मला कुणाच्या वळचणीला उभं राहायचं नाही बघ. एका खोलीत राहीन, चार खोल्यांचं भाडं येईल, त्यात माझं भागेल." तेव्हा मला तुमचं म्हणणं फार धीट वाटलं होतं. एकटी बाई चाळ घेणार! शाळेतल्या कुणीतरी कुणाचं तरी नाव सुचवलं आणि गिरणीच्या मागच्या अंगाला असलेली पाच खोल्यांची एक चाळ विकायची आहे असं कळलं.

एका रविवारी मी तुमच्याकडं आले तेव्हा चाळीचे मालक आधीच येऊन बसले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, आवाज इतका मऊ की कान पुढं करावा लागायचा. तुम्ही स्टोव्हवर चहा टाकलेला आणि जमिनीवर कागद पसरलेले. "बघ गं हे जरा," तुम्ही म्हणालात. "मी म्हणते, तुझ्या वकीलसाहेबांना एकदा दाखवूया का?" मालक हसले. "बाई, वकील कशाला की? वकील म्हंजे वाळवी, एकदा लागली की घर पोखरल्याबिगर ऱ्हात न्हाय. आन् तुमच्या घरातच वकील हाय की ही." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. त्या नजरेत विचारणं होतं, आणि थोडा अभिमानही होता. मी बावीस वर्षांची होते, बाई. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वकील म्हटलं होतं. मी म्हणाले, "कशाला साहेबांना त्रास? ते उगीच फी लावतील. मी रोज असलेच कागद टायपते."

मी ते कागद मोठ्यानं वाचले. "सदरहू मिळकत निर्वेध, निजोखमी व बोजारहित असून तीवर अन्य कोणाचाही हक्क वा हितसंबंध नाही." हे वाक्य मी कचेरीत शंभर वेळा टायपलं होतं. शब्द ओळखीचे होते म्हणून मला वाटलं, मिळकतही ओळखीची आहे. तिच्यावर कुणाचं कर्ज नाही, कुणाचा दावा नाही, असा त्याचा अर्थ मी तुम्हाला समजावूनही सांगितला. चतुःसीमा वाचल्या, नकाशावर बोट फिरवलं, एके ठिकाणी उगीच कपाळाला आठी घालून मग मान हलवली. "ठीक आहे, बाई." तुम्ही लगेच उठून देवापुढं साखर ठेवलीत. दोन दिवसांनी तुम्ही मालकांना विसार दिलात, म्हणजे व्यवहार पक्का केल्याची पहिली रक्कम. दुसरी मोठी रक्कम महिन्याभरानं द्यायची आणि त्यानंतर खरेदीखत, असं ठरलं.

भीती पहिल्यांदा कुठं शिरली ते मला नेमकं आठवतं. तीनेक आठवड्यांनी कचेरीत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी दुकानाचा गाळा घेतला होता आणि विकणाऱ्याची बहीण आता हिस्सा मागत होती. मी कोपऱ्यात टायप करत होते. म्हातारे पुन्हा पुन्हा कागदावर बोट आपटत म्हणत होते, "पण यात लिहिलंय की साहेब, निर्वेध, निजोखमी!" साहेबांनी चष्मा काढला. "अहो, ते विकणारा लिहितो. ते खरं आहे का, हे घेणाऱ्यानं तपासायचं असतं." बस, एवढंच. साहेब पुढच्या गोष्टीकडं वळले. माझी बोटं मशीनच्या अक्षरांवर तशीच राहिली. मी काय तपासलं होतं? मी तर फक्त वाचलं होतं. विकणाऱ्यानं स्वतःबद्दल लिहिलेलं मी तुम्हाला गोड आवाजात वाचून दाखवलं होतं, आणि तुम्ही साखर ठेवली होतीत.

त्या रविवारी अम्माला मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगून मी एकटीच चाळ बघायला गेले. तोवर तुमच्यामाझ्यापैकी कुणी तिथल्या माणसाशी एक शब्द बोललेलं नव्हतं. मालकांनी तुम्हाला एकदा टांग्यातून नेऊन बाहेरून दाखवली होती, आणि शेवटच्या कुलूपबंद खोलीकडं बोट करून "ही तुमची" म्हणाले होते. पत्र्याची चाळ, पुढं लांब ओटा. ओट्यावर एक बाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. दुष्काळात सांगोल्याकडून आलेलं कुटुंब, नवरा गिरणीत बदली कामगार. हे तिनंच नंतर सांगितलं. आधी तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुनाकडं आलीस गं?"

"घर बघायला. आमच्या बाई ही चाळ विकत घेताहेत."

सूप थांबलं. "ही चाळ? कोन इकतंय?"

मी मालकांचं नाव सांगितलं.

"त्यो व्हय!" ती हसली नाही, रागावली नाही, फक्त सूप खाली ठेवलं. "आगं पोरी, ही त्येच्या एकट्याची कुटं हाय? त्येचा भाऊ मेला, भावजय हाय की. तिनं दावा लावलाय त्येच्यावर. दोन वरसं झाली, आमी भाडं त्येला बी देत न्हाय आन् तिला बी देत न्हाय. कोर्टात भरतो. पावत्या हायत, दावू?"

ती आत गेली आणि पिशवीतून पावत्या घेऊन आली. मी त्या हातात घेतल्या. कोर्टाचा शिक्का मला अनोळखी नव्हता. माझ्याच कचेरीत तसले कागद रोज यायचे. मी विचारलं. "मग ती शेवटची खोली तरी... ती रिकामी आहे ना?"

"रिकामी? तितं दुधनी गावचा मानूस ऱ्हातो. सुगीला गावाकडं गेलाय. कुलूप त्येचंच हाय की." मग तिनं माझ्याकडं जरा मायेनं बघितलं. "तुज्या बाईला म्हनावं, लई इचार करून घे. म्हातारीचा पैसा हाय काय?"

मी हो म्हणाले आणि निघाले. ऊन कडक होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. परतीच्या वाटेवर तुमची गल्ली लागते. तुमची खिडकी उघडी होती. स्टोव्हचा आवाज येत होता, बहुतेक चहाची वेळ. मी त्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, आणि मला फक्त वीस पावलं चालून जिना चढायचा आहे. वर जाऊन काय सांगू? की बाई, मला काहीच कळत नव्हतं? की तुम्ही वकिलाकडं जाऊया म्हणत होतात आणि मीच तुम्हाला अडवलं? मी स्वतःला सांगितलं, आज नको, उद्या सांगू, उद्या नीट शब्द सुचतील. आणि मी पुढं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मधल्या सुट्टीत मी खरंच शाळेत आले होते, बाई. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही मला पाहिलं होतं. पण तुमच्याशेजारी बाकावर मालक बसले होते. "या, या, वकीलीणबाई!" म्हणाले. तुमचा वर्ग सुरू झाला आणि तुम्ही आत गेलात. मालक माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. तोच मऊ आवाज. "काल चाळीकडं गेला होता म्हनं तुमी?" ते पुढं म्हणाले, "भाडेकरूंचं काय ऐकता? फुकट ऱ्हायाला मिळतंय म्हनून सांगतात कायबाय. भावजयीचं मिटलंच हाय बघा, हप्त्यात दावा काढून घेती ती." फाटकाशी थांबून त्यांनी टोपी सारखी केली. "तुमच्या सायबांना मी चांगला वळखतो की. त्यांना म्हाईत हाय का, त्यांची पोरगी भाईर कागद तपासून देती ते? सांगू काय त्यांना? न्हाय, चांगलंच सांगीन. हुशार पोरगी हाय म्हनून सांगीन." मग अगदी काळजीनं बोलल्यासारखं, "उद्या बाई दुसरी रक्कम देनार हायत. म्हातारीच्या चांगल्या कामात खोडा नको."

त्यांनी मला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. पण कचेरीचा जिना चढताना माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. साहेब मला उद्यापासून येऊ नकोस म्हणताहेत, आणि घरी अण्णा बंद मागावर कापड टाकून बसले आहेत.

मंगळवारी सकाळी अकरापासून मी घड्याळाकडं बघत होते. तुम्ही बारा वाजता बँकेत जाणार, हे मला ठाऊक होतं. कचेरीपासून बँक दहा मिनिटांवर होती. पावणेबारा झाले. मी एका अर्जात तीन चुका केल्या आणि साहेब खेकसले, "लक्ष कुठं आहे?" बारा झाले. मी कागद काढला, नवा घातला. सव्वाबारा. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की मी दाराकडं बघायची, कारण वाटायचं मालक आले. तुमचा विचार त्या वेळी माझ्या मनात किती होता आणि स्वतःचा किती, हे मी आज मोजायला गेले तर मला लाज वाटते. एक वाजला. आता झालं असणार. आणि बाई, त्या क्षणी मला जरासं हायसं वाटलं. आता पळत जायचा प्रश्न उरला नव्हता.

संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी पेढे घेऊन आलात. मी तुम्हाला इतकं मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं. अम्माच्या हातात पुडा दिलात आणि मराठीतच, पण हातवारे करून सांगितलंत की तुमच्या खोलीला मागच्या बाजूनं एक खिडकी पाडून घेणार, तिथं तुळस ठेवणार, आणि मी आले की मला तिथं झोपवणार. अम्मानं तुमच्या पायाला हात लावला. मला म्हणालात, "खा की गं, तुझ्यामुळं तर झालं." मी तो पेढा तोंडात घातला आणि तो काही केल्या गिळवेना. तुम्ही गेल्यावर अम्मा माझा चेहरा बघून घाबरली. "एमैंदि?" काय झालं, काय झालं, एवढंच ती विचारत राहिली. मी डोकं दुखतंय म्हणाले.

बुधवारी सकाळी साहेब येऊन बसले, आणि मी त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. कागद वाचले ते, विसार, चाळीवरची बाई, पावत्या, फाटकाजवळचं बोलणं, बँक. त्यांनी विचारलं, "चाळीवर कधी गेली होतीस?" मी म्हणाले, "रविवारी." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मी वाट बघत होते की आता ते ओरडतील. ते म्हणाले, "टायपरायटरला कायदा कळत असता तर लोकांनी मशीनलाच फी दिली असती." आणि मग, "बाईंना बोलावून आण. आत्ता."

तुम्ही शाळेतून अर्धी रजा टाकून आलात, छत्री हातात, चेहऱ्यावर अजून कालचं हसू. साहेबांनी तुम्हाला खुर्ची दिली, भावजयीच्या दाव्याचं सांगितलं आणि एकेक विचारत गेले. भाडेकरूंशी कोण बोललं? मालकाच्या भावाचे वारस कोण, हे कुणी विचारलं? नोंदणी कचेरीत जुन्या नोंदी कुणी बघितल्या? त्या कुलपाची किल्ली तुम्ही हातात मागितलीत का? प्रत्येक प्रश्नाला तुम्ही "नाही" म्हणत होतात, आणि प्रत्येक "नाही" आधीपेक्षा बारीक होत होतं. शेवटी ते म्हणाले, "बाई, मंडईत वांगं घेताना तुम्ही उलटून बघता की नाही?" तुम्ही म्हणालात, "बघते." माझ्यावर तुम्ही जशा वर्गात चिडायचात तसं साहेबांनी चिडावं, असं मला वाटत होतं, पण ते फक्त मालकाला पाठवायच्या नोटिशीचा मजकूर सांगायला लागले, आणि टायप करायला मीच बसले.

मग तुम्ही माझ्याकडं वळलात. "तुला कधी कळलं गं हे?"

साहेबांचा हात कागदावर थांबला. त्यांना मी खरं सांगितलेलं होतं. मी म्हणाले, "काल रात्री. तुम्ही गेल्यावर. शेजारी एकजण चाळीकडचे आले होते, ते बोलले."

साहेबांनी मान वर केली नाही. कागदावर पुढची ओळ लिहायला लागले. तुम्ही उठलात, माझ्या खुर्चीमागं आलात आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलात. "मग तू तरी काय करणार? कळल्या कळल्या धावलीस हेच पुष्कळ." तुमचा हात गरम होता. मला वाटलं, आता मी किंचाळेन. मी टायप करत राहिले. त्या नोटिशीत एकही चूक झाली नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मालकांनी साहेबांकडं माझी तक्रार केली नाही. नोटीस मिळाल्यावर ते साहेबांच्या समोर यायचेच टाळत होते. ज्याला मी इतकी घाबरले, ते कधी झालंच नाही. भावजयीचा दावा टिकला आणि चाळ तिच्या वाट्याला गेली. तुमचे पैसे परत यायला चार वर्षं लागली, आणि आले तेही अर्धेमुर्धे. साहेबांनी तुमच्याकडून फी घेतली नाही, तुम्ही द्यायला गेलात तरी घेतली नाही. निवृत्तीनंतर त्या नळाच्या चावीवाल्या मालकिणीनं खोली सोडायला लावली, आणि तुम्ही बार्शीला पुतण्याकडं गेलात. जाताना तुमचा स्टोव्ह अम्माला देऊन गेलात. स्टँडवर तुमच्या हातात एक ट्रंक आणि छत्री. मला म्हणालात, "पुतण्या चांगला आहे. पण दारात चपला कुठं काढायच्या, हेसुद्धा आता विचारावं लागेल बघ." मी हसले. तुम्हीही हसलात.

कधी कधी मला वाटतं, तुम्हाला कळलं होतं. तुम्ही नंतर एकदा त्या चाळीवर गेला होतात, साहेबांनीच पाठवलं होतं, पावत्यांच्या नकला आणायला. त्या सांगोल्याच्या बाईनं सांगितलंच असेल की रविवारी एक पोरगी येऊन गेली. पण तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. तुमची पत्रं येत राहिली, पोस्टकार्डं, तशीच टपोऱ्या अक्षरांत. दाणेबाजारातला आवाज फार होतो, पुतण्याची सून चहात साखर कमी घालते, तू परीक्षा दे, पुढं शिक. मी उत्तरं पाठवायची, पण छोटी. प्रत्येक कार्ड हातात पडलं की मजकूर वाचायच्या आधी मी शेवटची ओळ बघायची. त्या ओळीत तो प्रश्न पुन्हा आला असेल, अशी धास्ती वाटायची. तो आला नाही. न येण्याचीही मला भीती वाटायला लागली.

त्यानंतर मी पुष्कळ काही केलं. पुढं शिकले, बँकेची परीक्षा दिली, सोलापुरातच नोकरी केली, लग्न झालं, मुलं झाली. शेजारपाजारचे लोक घराचे कागद घेऊन विचारायला यायचे. बँकेतली म्हणजे तिला कळत असणार. मी कागद हातातसुद्धा घ्यायची नाही. "वकिलाकडं जा, आणि आधी त्या घरात जो राहतो त्याच्याशी बोला," एवढंच सांगायची. लोकांना वाटायचं, भाव खाते. आता या घराचे कागद त्या वकील मुलीनं महिनाभर तपासले, तरी परवा दुपारी मी एकटी त्या फ्लॅटवर जाऊन आले. दार वाजवलं, भाडेकरूच्या बायकोला विचारलं, "भाडं कुणाला देता तुम्ही?" ती बावचळली. मग तिनं मला आत बोलावून सरबत दिलं.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, ते वहीतच राहील. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगते, जे मी अम्मालासुद्धा सांगितलं नाही. तुम्ही आजारी असल्याचं पुतण्याचं कार्ड आलं, तेव्हा मी लगेच बार्शीची गाडी पकडली. अम्माला परत येऊन सांगितलं, "भेटले, बऱ्या आहेत." आठ दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हा अम्मा म्हणाली, "बरं झालं, तुझी भेट झाली." भेट झाली नव्हती. मी स्टँडवरून विचारत विचारत दाणेबाजाराच्या मागच्या त्या गल्लीत आले होते. तुमच्या पुतण्याचं दार उघडं होतं. तुमचा खोकला मला रस्त्यावरून ऐकू येत होता. मी तिथं थोडा वेळ उभी राहिले, बाई, आणि तशीच मागं फिरले.